निळ्या रंगाची मिनिटे

डॉ. सुलभाताई कवळी यांची आणि माझी ओळख एका चिंबोरीने करून दिली. लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम नुकताच पुरा करून मी बोईसरला, बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये नोकरी मागायला गेले होते. प्रमाणपत्रांची फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "घर कुठलं?" एवढेच विचारले. मी म्हटले, दांडीचे, घरची होडी आहे, आई मासळी विकते. "मग चिंबोरी नर की मादी हे तुला ओळखता येत असेल." मी म्हटले, त्यात काय एवढे, खेकडा उलटा करायचा, पोटावरची झडप रुंद असली तर मादी, निमुळती असली तर नर. ताईंनी रक्ताची एक नळी माझ्या हातात ठेवली. "आता हे बाईचं की पुरुषाचं, सांग." मी नळी उलटीसुलटी करून पाहिली आणि कळत नाही म्हणून कबूल केले. "मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण फरक आहे, पेशीपेशीत आहे. दिसत नाही म्हणून तो विसरायचा नाही. एवढं पाळणार असशील तर उद्या नऊला ये." मी पावणेनऊला गेले. त्याला आता वीस वर्षे होतील.

ताईंच्या अमृतमहोत्सवी वर्षाच्या या गौरवग्रंथात मोठमोठ्या डॉक्टरांचे आणि प्राध्यापकांचे लेख असणार. त्यांत माझे चार शब्द कशाला, असे मी संपादकांना म्हणून पाहिले. ते म्हणाले, तुम्ही फक्त एक आठवण लिहा. चांगलीच आठवण लिहा असे काही ते म्हणाले नाहीत, म्हणून मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. ताई काय आहेत हे मला त्या चुकीने जेवढे कळले तेवढे त्यांच्या पदव्यांनी कधी कळले नसते.

ताई मूळच्या केळव्याच्या, पानवेलींच्या वाडीत वाढलेल्या. मुंबईत पॅथॉलॉजी शिकल्या, तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात रुळल्या, आणि सगळे नको नको म्हणत असताना बोईसरला परत आल्या. का आलात, असे मी एकदा विचारले होते. "तिथे माझ्यासारख्या पन्नास होत्या, इथे एकही नव्हती," म्हणाल्या, आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्वतःबद्दल याहून जास्त बोललेल्या मी त्यांना ऐकलेले नाही. कामाबद्दल मात्र त्या तासन्‌तास बोलतात, आणि चुकलेल्या माणसाला तर फारच बोलतात. नळीवर नाव नीट लिहिले नाही म्हणून त्यांनी मला एवढे फैलावर घेतले होते की बाहेर बसलेला पेशंट रक्त न देताच निघून गेला. शिव्या त्या कधी देत नाहीत. "शिकलेली आहेस ना?" एवढेच म्हणतात, आणि ते शिवीपेक्षा जास्त झोंबते. माझी आई म्हणायची, "आमी मासली सुकवतो, ती बाय तुला सुकवते."

बाई आणि पुरुष यांच्या शरीरांतला फरक हा त्यांचा आवडता विषय, किंबहुना त्यांचे वेडच. कुंभवलीच्या एका कारखान्यात आरोग्य शिबिर होते. तिथल्या छापील फॉर्मवर हिमोग्लोबिनची मर्यादा सगळ्यांना एकच छापलेली. ताईंनी शंभरेक फॉर्म पुढ्यात घेतले आणि पेनाने एकेकावर ती खोडून बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी अशी लिहीत बसल्या. पॅकिंग खात्यातला एक बिहारी कामगार रांगेत उभा होता. तो हसून म्हणाला, "मॅडम, खून तो सबका लाल है, फिर फरक काहे का?" ताईंनी पेन खाली ठेवले. आपल्या त्या केळवे छापाच्या हिंदीत त्यांनी त्याला समजावले की गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, त्यांतल्या एकाच जोडीत बाई आणि बुवा वेगळे दिसतात, पण त्या एका जोडीचा हुकूम बाकीच्या बावीस जोड्यांतही चालतो. यकृतात, हृदयात, स्नायूत तीच जनुके असतात, पण एकाकडे ती जोरात चालतात, दुसऱ्याकडे हळू. "एक ही नक्शे के दो घर हैं, भैया. फक्त बत्ती अलग अलग कमरे में जलती है." म्हणून तीच गोळी तेवढीच दिली तरी दोघांना सारखी लागू पडेल असे नाही. त्याने विचारले, "तो बड़ा कौन?" ताई म्हणाल्या, "बड़ा-छोटा देखने के लिए नहीं नापते. दवा सही देने के लिए नापते हैं." त्या वाक्यात त्यांचे सगळे तत्त्वज्ञान आले असे मला वाटते. एवढे ऐकूनही मी घातला तो गोंधळ घातलाच.

आता ती गोष्ट. संबंधितांना विचारून लिहिते आहे आणि नावे बदलली आहेत.

मनोरच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे कुटुंब बेटेगावला बांधकामावर आले होते. पावसाळ्यात नागली आणि भात, पिके निघाली की काम असेल तिथे मुक्काम, असे त्यांचे वर्ष. नवरा काशिनाथ, बायको मंजुळा आणि काशिनाथची आई लाडकीबाई. मंजुळाचा पहिला मुलगा पाड्यावरच जन्मला आणि पाचव्या दिवशी पिवळा पडून गेला. दुसरा रुग्णालयात जन्मला, तोही पिवळा पडला, पण त्याला वेळेवर दिव्याखाली ठेवले आणि तो वाचला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचे रक्त आमच्याकडे पाठवले. लाल पेशींना जपणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते, लॅबमध्ये आम्ही त्याला जी-सिक्स-पी-डी म्हणतो, ते त्या बाळात फारच कमी होते. अशा माणसाला काही गोळ्या, विशेषतः मलेरियावरची एक गोळी, किंवा कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वाससुद्धा बाधतो आणि पेशी फुटू लागतात. एरवी जपले तर तो इतरांसारखाच जगतो.

ताईंचा नियम असा की एकाचे सापडले की घरातल्या सगळ्यांचे पाहायचे. म्हणून काशिनाथ आणि मंजुळा दोघांचे रक्त घेतले. ही चाचणी साधी आहे. रक्तात एक निळा रंग मिसळून नळी कोमट पाण्यात ठेवायची. विकर भरपूर असेल तर तासाभरात निळा रंग उडून लाली वर येते, नसेल तर निळा तसाच राहतो. काशिनाथची नळी पाऊण तासात लाल झाली. मंजुळाची रेंगाळली. तास झाला, वर आणखी थोडा वेळ गेला. मला उमरोळीला नणंदेच्या साखरपुड्याला पोचायचे होते. मी नळी खिडकीशी धरली. निळसर झाक होती, पण फिकी. झाले की, असे म्हणून मी दोन्ही कागदांवर 'नॉर्मल' लिहिले. ताईंनी सही केली.

तीन आठवड्यांनी काशिनाथ एकटाच लॅबमध्ये आला. त्याने काउंटरवर तीन कागद ओळीने मांडले, स्वतःचा, बायकोचा आणि बाळाचा.

"ताय, ह्ये कागद खरे हायेत का?"

"खरे आहेत," मी म्हटले.

"माजा बरोबर, तिचा बरोबर. पोराचाच वायला. आमच्यातला एक जन कंपनीत हाय, त्याला वाचता येतं. त्यानं इचारलं, मंग पोर कोनाचा?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मंजुळाला म्हायेरी धाडली. पोरासकट. आई बोलते, आता परत नाय आनायची."

आतून ताईंनी सगळे ऐकले होते. त्या बाहेर आल्या, काशिनाथला बसवले, चहा मागवला, आणि मला म्हणाल्या, "रजिस्टर आण." मंजुळाच्या नावापुढे माझ्या अक्षरात एकच शब्द होता. "रंग किती मिनिटांनी उडाला?" मी म्हटले, लिहिले नाही. "उडाला होता का?" मी म्हटले, पुरता नाही. आणि रडायला लागले. ताई मला फाडून खातील असे वाटले होते. त्या काशिनाथकडे वळल्या आणि म्हणाल्या, "रविवारी तुमच्या पाड्यावर येते. मंजुळाला आणि तिच्या माणसांना तिथेच बोलवा. तोवर पोर माझं नाही असं पुन्हा तोंडातून काढू नका."

त्या वेळी ताई पासष्टीच्या आसपास होत्या आणि गुडघे दुखत होते. रविवारी आम्ही रिक्षाने जाता येईल तिथवर गेलो आणि पुढचा चढ चाललो. माझ्या पिशवीत नळ्या, निळा रंग आणि कोमट पाण्याचे दोन थर्मास होते. लॅबमध्येच रक्त आणवून तपासता आले असते, पण ताई म्हणाल्या, "कागदाने घर मोडलं. आता कागद कोण मानेल? डोळ्यांनी पाहू देत."

लाडकीबाईंच्या अंगणात वीसेक माणसे जमली होती. मंजुळा कडेला, माहेरच्या माणसांजवळ, बाळाला घेऊन उभी होती. ताईंनी चहा नंतर घेऊ म्हणून सांगितले आणि उभ्यानेच बोलल्या. "मंजुळाचा कागद चुकीचा होता. चूक माझी आहे." मी तोंड उघडले तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो. मग म्हणाल्या, "आणि दुसरी गोष्ट. तो कागद बरोबर असता तरी पोराचा बाप कोण हे त्यावरून कळलंच नसतं. हा दोष ज्या गुणसूत्रावर असतो त्याला एक्स म्हणतात. बाईकडे ते दोन असतात, पुरुषाकडे एकच. मुलगा होतो तेव्हा बाप त्याला आपलं एक्स देतच नाही, दुसरं एक छोटं देतो, म्हणून तर तो मुलगा होतो. एक्स मिळतं ते आईकडून. या आजाराला बाप माहीतच नाही. त्यावरून बायकोला घराबाहेर काढणं हे अडाणीपणाचं काम आहे, आणि त्याला निमित्त माझा कागद झाला."

काशिनाथने मान खाली घातली. मला वाटले, सुटलो. तेवढ्यात लाडकीबाई बोलल्या. "मंजे खोड हिचीच ना? माजा पयला नातू हिच्यापायीच गेला."

आगीतून निघून फुफाट्यात पडणे म्हणजे काय ते मी त्या क्षणी पाहिले. खरे सांगून ताईंनी मंजुळाला एका आरोपातून सोडवले आणि दुसऱ्यात अडकवले होते. खोटे बोलून सुटका झाली असती, दोघांकडून येते म्हटले असते तरी कोणाला कळणार होते? पण ते त्यांना जमणारे नाही. त्या लाडकीबाईंना एवढेच म्हणाल्या, "या डोंगरात ही खोड पुष्कळ घरांत आहे. तुमचंही रक्त द्या."

"घ्या की," लाडकीबाईंनी हात पुढे केला. "माज्यात काय नाय निघायचा."

तीन नळ्या कोमट पाण्याच्या पातेल्यात उभ्या केल्या. ताईंनी घड्याळ काढून काशिनाथच्या हातात दिले आणि मिनिटे मोठ्याने सांगायला लावले. चाळीस मिनिटांनी त्याची नळी लाल झाली. तास झाला, मंजुळाची निळीच होती. लाडकीबाईंचीही निळी होती. सव्वा तासाने मंजुळाची फिकी पडू लागली. लाडकीबाईंची तशीच. दीड तासाने मंजुळाची लाल झाली तेव्हाही सासूची नळी निळसर होती, आणि ते सगळ्या पाड्याने पाहिले.

लाडकीबाई ती नळी बघत राहिल्या. "मंग मी कशी जगली? आनि ह्यो काशा कसा धडधाकट?"

ताई त्यांच्याशेजारी ओट्यावर बसल्या. "तुमच्याकडे दोन एक्स आहेत, एक धड, एक अधू. अंगातल्या काही पेशी धड एक्सवर चालतात, काही अधूवर. धड पेशी संसार ओढतात, म्हणून तुम्ही बऱ्या आहात. म्हणूनच बाईची नळी ना पुरती निळी राहते, ना वेळेवर लाल होते, आणि घाई करणाऱ्याला फसवते. मुलाला दोनांतलं एकच मिळतं. काशिनाथला तुमचं धड मिळालं. ते तुमचं कर्तृत्व नाही, लाडकीबाई. मंजुळाच्या पोरांना अधू मिळालं. तो तिचा गुन्हा नाही."

लाडकीबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "माजा भाऊ होता. धाकटा. ताप आला म्हून हिवतापाच्या गोल्या दिल्या. मूत काला झाला त्याचा. तिसऱ्या दिवशी गेला. सगली बोलली, बायकोनं करनी केली. आमी तिला गावातून काढली. दगड मारले. मी पन मारला."

लाडकीबाई उठल्या, मंजुळाजवळ गेल्या आणि बाळाला आपल्या हातात घेतले. मंजुळाने दिले. मग आम्ही चहा घेतला.

परतीच्या वाटेवर मी ताईंना विचारले की माझी चूक आपल्या अंगावर का घेतलीत. "सही माझी होती," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून बाईच्या या कागदावर 'नॉर्मल' लिहायचं नाही. मिनिटं लिहायची. शब्द घाईत लिहिता येतो, मिनिटं मोजावी लागतात." तो नियम आमच्या लॅबमध्ये आजही आहे. पुढे आमच्याकडून शिकून गेलेल्या मुलींनी तो पालघर आणि डहाणूच्या लॅबमध्ये नेला, आणि शंका असेल तिथे पुढच्या तपासणीला मुंबईला पाठवायची शिस्तही नेली. कोणी त्याला ताईंचा शोध म्हटले की त्या चिडतात. पुस्तकात आधीपासून आहे, म्हणतात, आपण नीट वाचत नाही एवढेच. ते बाळ आता पाचवीत आहे. कोणती गोळी घ्यायची नाही याचे कार्ड त्याच्या दप्तरात असते आणि वर्गात त्याच्याइतका दांडगा दुसरा कोणी नाही. त्याच्या पाठीवर मंजुळाला मुलगी झाली. मुलीचे कशाला तपासायचे, असे त्या घरात कोणी विचारले नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण ताईंचे मोठेपण मला पुरते दिसले ते पुढच्याच आठवड्यात. लाडकीबाई एकट्या, दोन वाहने बदलून लॅबमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "माजा कागद द्या. भावजय वाडा गावाच्या बाजूला तिच्या भावाकडं राहते. जिती हाय. तिला दाकवायचाय."

मी कागद छापला, मिनिटे लिहिली आणि सहीसाठी आत नेला. ताईंनी तो वाचला आणि खालच्या मोकळ्या जागेत शाईने मराठीत लिहायला घेतले. पहिले वाक्य असे होते: 'या बाईंच्या दिवंगत भावाला हा दोष जन्मापासून असण्याची दाट शक्यता आहे.' हे त्यांच्या स्वभावाला धरून होते, कारण न तपासलेल्या रक्ताबद्दल त्या ठाम बोलतच नाहीत. मग दुसरे वाक्य लिहिले: 'त्याच्या मृत्यूत त्याच्या पत्नीचा कोणताही हात नव्हता.' मी धीर करून म्हटले, "ताई, इथेही शक्यता लिहायला हवं ना?" त्या सही करत म्हणाल्या, "नाही. हे मला ठाऊक आहे."

पंधरा दिवसांनी लाडकीबाई पुन्हा आल्या, कागद दिल्याचे सांगायला. भावजयीला वाचता येत नाही. तिने शाळेतल्या बाईंकडून तो दोनदा वाचून घेतला, आणि मग तिथल्याच चावडीवर, सगळ्यांदेखत, तिसऱ्यांदा वाचायला लावला.

ताई, तुम्हाला हार-तुरे आवडत नाहीत आणि हा लेख वाचून "शिकलेली आहेस ना?" म्हणाल हेही मला माहीत आहे. तरी लिहिते. तुमचे गुडघे बरे राहोत, डोळे सूक्ष्मदर्शकाला आणि हात पेनाला अशीच साथ देवोत. या मुलखात न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगणाऱ्या कितीतरी बायका अजून आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकीला तुमच्या सहीचा कागद मिळेपर्यंत तुम्ही जगावे, आणि ते काम शंभर वर्षांत संपणारे नाही.